दोन तास, आठ तास

बांबोळी. गोमेकॉचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळाचा, अपघात विभाग. समजा, काणकोणहून १०८ मधून जखमी मुलगा आला आणि मागोमाग त्याची आई. तिच्या अंगावर ओरखडाही नाही. पण पुढे कित्येक महिने तिला झोप लागत नाही, हॉर्न वाजला की अंग थरथरतं. तिला स्वतःची भरपाई मागता येते?

इंग्लंडमध्ये १९८२ साली अशाच एका आईने खटला जिंकला. अपघात तिने पाहिला नव्हता. पण सुमारे दोन तासांत ती इस्पितळात पोचली, तेव्हा घरची माणसं रक्ताने-तेलाने माखलेलीच होती. १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत मात्र सुमारे आठ तासांनी शवागारात मृतदेह ओळखणाऱ्याचा दावा १९९१ साली फेटाळला गेला. एक जण तर स्टेडियममध्येच होता, दोन भाऊ गमावले; सख्खा भाऊ म्हणजे जिव्हाळा असणारच, हे गृहीत धरायला न्यायालय तयार नव्हतं. पुरावा हवा होता. निकष कठोर, आमच्या मते फारच.

हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या हत्तंगडी निकालात जखमीचा मानसिक धक्का भरपाईत धरला. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात चुकीच्या इंजेक्शनने मेंदूला इजा झालेल्या बालकाच्या आईवडिलांना मनस्तापापोटी वेगळे ५ लाख मिळाले, पण ते ग्राहक कायद्याखाली.

दावे अडतात ते कागदावर. नुसता शोक पुरत नाही, निदान लागतं. आघातोत्तर ताणविकाराचं निदान लक्षणं महिनाभर टिकल्यावरच होतं. केसपेपरवर फक्त ‘निद्रानाश’ लिहिलं की अपघाताशी धागा तुटला. आईने काय पाहिलं, किती वाजता, त्रास कधीपासून, हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्या. आधीचा मानसिक आजार लपवू नका. कागदांच्या प्रती मागण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ ने दिला आहे.

मोटार अपघाताचा अर्ज सहा महिन्यांत करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ सांगतं. आपल्याकडे आधी देवळात गाऱ्हाणं, मग कौल. जरूर घ्या, फक्त त्याच आठवड्यात ओपीडीतही जा. पहिला केसपेपर पाचव्या महिन्यातला निघाला, तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणी त्या तारखेपासूनच सुरू करतो.