आंबेनळी ते पसरणी: पावसाची हद्द झाडं सांगतात

[दृश्य: एप्रिलची सकाळ, आंबेनळी घाटाचा पायथा]

पोलादपूर मागे पडलं की घाटाच्या पायथ्याशी ऐन, किंजळ, सावर दिसू लागतात. बहुतेकांच्या फांद्या एप्रिलात उघड्या पडलेल्या. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस घेणारा हा मुलूख, मग झाडं अशी बोडकी का? कारण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो. ऑक्टोबरात एखाद-दुसरी सर, आणि पुढे सात महिने कोरडे. उन्हाळ्यात खालची हवा तापते, डोंगरउतारावरच्या पातळ मातीतला ओलावा संपतो आणि झाड पानं टाकून पाणी वाचवतं.

घाट चढत जाल तशी दर १०० मीटरला हवा साधारण अर्ध्या-पाऊण अंशाने गार होते. घळींमध्ये हिरवा रंग आधी दिसतो, मग उतारांवर पसरतो. माथ्याजवळ करडं रान संपून गर्द हिरवं रान सुरू होतं.

[दृश्य: महाबळेश्वरचं जंगल, पानाचं जवळून चित्रण]

इथली मुख्य झाडं तीन: अंजनी, जांभूळ आणि पिसा. अंजनीचं पान हातात घ्या. जाड, चामड्यासारखं, वरून तुकतुकीत. मधली शीर ठळक, बाजूच्या शिरा जेमतेम दिसतात. अशा पानातून पाणी सहजी उडत नाही, म्हणून एप्रिलातही ते फांदीवर टिकतं. खोडावरचं शेवाळ मात्र आत्ता वाळून पिवळट पडलंय. जूनच्या पहिल्या सरींनी तेच पुन्हा हिरवं होईल.

महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी जंगल बुटकं आहे. बऱ्याच ठिकाणी झाडोरा आठ-दहा मीटरच्या वर जात नाही. जांभ्या दगडावर माती थोडी, पावसाळी वारा जोराचा आणि कोरडे महिने भरपूर. दक्षिण केरळातल्या घाटात याहून कमी पावसावर कितीतरी उंच सदाहरित जंगल उभं राहतं, कारण तिथे वळवाचा पाऊस लवकर येतो आणि ईशान्य मोसमी पाऊसही मिळतो. पाऊस किती पडला यापेक्षा तो किती महिने पडला, हे झाडाला जास्त महत्त्वाचं.

[दृश्य: महाबळेश्वर–पाचगणी रस्ता]

आता पूर्वेकडे वळू. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर, पाचगणी १,२९३ वर. उंचीत फरक जेमतेम ८० मीटरचा, अंतर वीस किलोमीटरही नाही, पण पाऊस साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा पश्चिम कड्यावर चढताना गार होऊन पाणी सांडते. माथा ओलांडून उतरू लागली की तापते आणि ढग विरतात. अंजनीचं दाट रान विरळ होत जातं. हिरडा, गेळा अधूनमधून, मध्ये गवताळ माळ.

हिमालयात झाडांची वरची सीमा थंडी ठरवते. सह्याद्रीत तशी सीमाच नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरचं. इथे पट्टे खालून वर जेवढे बदलतात, त्याहून जास्त पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलतात. पसरणी घाट उतरून वाईला पोहोचलं की पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास, आणि माण-खटावकडे त्याहूनही कमी. तिथे बाभूळ, हिवर, बोर, आणि रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचा तरवड.

[दृश्य: उतारावर दोर आखून झाडं मोजणं]

सदाहरित आणि पानझडी रानामधली ही हद्द स्वतः शोधायची असेल तर मार्च-एप्रिलात जा. ऑगस्टमध्ये सगळंच हिरवं असतं, सदाहरित कोण आणि पानझडी कोण ते कळत नाही. पश्चिम-पूर्व रेषेवर दर दोन किलोमीटरला २० बाय २० मीटरचा चौकोन आखा. उतारावर दोर जमिनीलगत टाकून २० मीटर मोजले तर चौकोन लहान भरतो. ३० अंशांच्या उतारावर दोर २३ मीटर लागतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर ज्याचा घेर ३० सेंटिमीटरहून जास्त, तेवढीच झाडं मोजा. प्रत्येकापुढे जात लिहा आणि पानं आहेत की नाहीत तेही. सदाहरित झाडांचा वाटा जिथे निम्म्याखाली घसरतो, तो सरहद्दीचा पट्टा. एका चौकोनावर भरवसा ठेवू नका. शेजारी आणखी दोन आखा.

उंची दाबमापीवरून घेत असाल तर माहीत असलेल्या उंचीच्या ठिकाणी तो आधी जुळवून घ्या. हवेचा दाब दुपारपर्यंत एक हेक्टापास्कल हलला तरी उंचीत नऊ मीटरची चूक येते.

फसवणाऱ्या जागाही ओळखायला हव्यात. ओढ्याकाठी पाणी वर्षभर मुरतं. तिथली जांभळं, उंबर पूर्वेला दूरपर्यंत जातात, ती मोजणीत धरू नयेत. पाचगणीचे सिल्व्हर ओक लावलेले आहेत, झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा उतार यांची नोंद वेगळी ठेवा.

सगळ्यांत मोठी चूक उघड्या माळावर होते. गवत दिसलं की पाऊस कमी, असं लगेच ठरवू नका. आसपासची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, शोधा. कुंपणाआत अंजनी, जांभूळ दाट उभी असतील आणि बाहेर त्याच उतारावर, त्याच मातीत नुसतं गवत असेल, तर ते गवत वणव्याने, चराईने आणि कुऱ्हाडीने आणलेलं आहे. अशा वेळी हद्दीची रेघ देवराईतल्या झाडांवरून काढायची.