वही, शीट आणि नोव्हेंबर महिना

नमस्कार मंडळी. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी एकच प्रश्न विचारला, "सर, बिझनेस प्लॅनसाठी कुठलं ॲप चांगलं?" ॲपवर येतो, पण आधी माझी फजिती सांगतो.

मी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल काढतो. बँकेच्या कर्जासाठीचा पहिला प्रोजेक्ट रिपोर्ट मी एका झेरॉक्सवाल्याकडून तयार घेतला होता. बाइंडिंग सुरेख, पानं चाळीस. बँकेतले साहेब पान उलटत म्हणाले, "पहिल्याच वर्षी घाणा शंभर टक्के क्षमतेनं चालणार? आणि इथे हे पापडाचं मशीन कुठून आलं?" पापड! कुणाचा तरी रिपोर्ट होता, नाव तेवढं माझं घातलेलं. चूक माझीच. मी तो वाचलाच नव्हता.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. एक आकडा बदलला की त्याच्यामागे काय काय हलतं, हे ज्या साधनात मला स्वतःला दिसतं, ते माझं साधन.

सुरुवात वहीपासून करा. वही अशासाठी की तिथे सूत्रं नसतात, हातानं गुणाकार करावा लागतो, आणि हातानं केला की तो लक्षात राहतो. माझ्या धंद्याचा जीव उताऱ्यात आहे, म्हणजे शंभर किलो दाण्यांतून किती किलो तेल निघतं त्यात. शेंगदाण्याला 120 रुपये किलो भाव धरा, आणि उतारा 40 टक्के. म्हणजे किलोभर तेलाला अडीच किलो दाणे, 300 रुपये. दीड किलो पेंड 40 रुपयांनी गेली तर 60 परत आले. कच्चा खर्च 240. आता दाणा जरा हलका निघाला, उतारा 36 वर आला. तोच खर्च 262 च्या आसपास जातो. महिन्याला 500 किलो तेल काढणाऱ्याचे 11 हजार रुपये उडाले, आणि मजुरी-बाटली अजून धरलेलीच नाही.

हे एकदा वहीत झालं, की मगच शीट उघडा. एक्सेल असो, गूगल शीट्स असो, फुकटचं लिब्रेऑफिस असो, माझं भांडण नाही. गूगल शीट्स मोबाइलवर चालतं आणि सीएंना लिंक पाठवता येते, म्हणून मी ते वापरतो. भाव, उतारा, पेंडीचा दर हे सगळ्यात वर वेगळ्या रकान्यांत ठेवा, खाली सगळी सूत्रं. आणि तक्ता वर्षाचा नको, बारा महिन्यांचा करा. यावर मी जरा अडून बसतो, कारण तयार साच्यांत बहुतेक वर्षाचाच तक्ता असतो.

वर्षाचा तक्ता नफा बरोबर दाखवेल, पण नोव्हेंबर लपवेल. खरिपाची भुईमूग काढणी झाली की बाजारात माल येतो, तेव्हाच घ्यायचा. 500 किलोच्या हिशेबानं सहा महिन्यांचे दाणे साडेसात टन. म्हणजे 9 लाख रुपये एकदम! बँकेचा जुना ठोकताळा मात्र अंदाजित वार्षिक विक्रीच्या 20 टक्के खेळतं भांडवल, म्हणजे माल घ्यायला आणि रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, देण्याचा. तेल 350 नं विकलं तर वर्षाची विक्री 21 लाख, त्याचे 20 टक्के 4 लाख 20 हजार. उरलेले कुठून आणणार? बारा रकान्यांत नोव्हेंबरचा आकडा उणे झाला, तेव्हा मला ही भानगड कळली. मग मी खरेदी दोन टप्प्यांत केली. थोडा भाव जास्त पडला, पण उसनवारी टळली.

आणि ते बिझनेस मॉडेल कॅनव्हास, म्हणजे अख्खा धंदा एका पानावर नऊ चौकटींत मांडायचा तक्ता? भिंतीवर लावा, घरच्यांशी, भागीदाराशी बोलायला झकास. गिऱ्हाईक कोण, माल कसा पोचणार, हे तिथे लवकर उलगडतं. बँकेला मात्र ते देऊ नका, त्यांना कर्जफेडीचा तक्ता हवा असतो.

आणि हल्लीचे एआयवाले. मजकूर फर्डा लिहितात, माझ्यापेक्षा बरा. पण मी विचारून पाहिलं, तर उताराही त्यानंच ठरवून टाकला! आकडे तुमचे द्या, वाक्यं त्याची घ्या, एवढीच वाटणी ठेवा.

बारीक गोष्ट राहिली. मराठीत टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत, करा आणि पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसते चौकोन आणि वेलांट्यांचा खिचडा. माझ्या दुसऱ्या रिपोर्टचं तेच झालं होतं. हं, आता वह्या काढा, सगळ्यांनी आपापला उतारा लिहा. ज्यांचा धंदा तेलाचा नाही, त्यांनी किलोमागे काय वाया जातं ते लिहा.