चावीच्या कॅमेऱ्याचं वंगण

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी वडिलांचा बोलेक्स एच-१६ हा सिनेमाचा कॅमेरा बरोबर घेऊन आलोय. स्वित्झर्लंडची बनावट, फिल्म १६ मिलिमीटरची, आणि बॅटरी मुळीच नाही. घड्याळासारखी चावी द्यायची नि बटण दाबायचं. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर एका पूर्ण चावीत तो साधारण २८ सेकंद चालतो.

वडील गेल्यावर नौपाड्याच्या घरात तो कितीतरी वर्षं कपाटात पडून होता. भाच्याच्या मुंजीला बाहेर काढला, तर घरघरला आणि थांबला. मी शिलाई मशीनचं तेल आणलं आणि दिसेल त्या फटीत सोडलं. चालला की! पण ते तेल ओघळत गेटपर्यंत, म्हणजे फिल्म जिथून सरकते तिथवर पोचलं. शंभर फुटांचं रीळ, पावणेतीन मिनिटं. धुऊन आलं तेव्हा बटूच्या चेहऱ्यावर डागच डाग. बहिणीला ते दाखवताना माझा घसा दाटून आला होता.

तेव्हापासून एक गोष्ट जीव तोडून सांगतो. असा कॅमेरा बहुधा तेल कमी पडलं म्हणून अडत नाही, जुनं तेल सुकून त्याचा चिकटा झाला म्हणून अडतो. आधी तो चिकटा निघायला हवा, आणि ते काम जाणत्या कारागिराचं. मुख्य स्प्रिंगचा डबा तर घरी उघडूच नका. सुटलेली पट्टी हात कापते. नंतरचं तेलसुद्धा घड्याळजींकडचं पातळ, सुईच्या टोकावर राहील तेवढंच. दात्यांना ग्रीस, तेही बोटाला लावून पुसल्यावर उरेल इतकं. गेटला तेल नाहीच. तिथे साचलेला फिल्मचा थर बांबूच्या काडीने हलकेच काढा, धातू लावू नका, नाहीतर पुढच्या प्रत्येक फिल्मवर ओरखडा उमटेल.

ठेवताना स्प्रिंग पूर्ण उतरवून ठेवा. फिल्म नसताना सेकंदाला ६४ चित्रांच्या वेगावर चालवू नका. आणि आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात, खाडीवरची ओल घरात येते तेव्हा, चामड्याच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. भिंगाला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या.

बाकी परीक्षा कानाची. सूर एकसारखा हवा. मधेच जड झाला, तर चिकटा अजून आत आहे. चावी दिली आहे, कॅमेरा माइकजवळ धरतो. घड्याळ लावा, आणि ऐका.