केस कुठून येणार?

(दृश्य : अमळनेर, एप्रिलमधली दुपार. स्टँडजवळचं छोटं सलून. कात्रीचा आवाज.)

दुपारचे दोन वाजलेत. बाहेर पारा चाळिशीच्या वर गेलाय, पण खान्देशात एप्रिलमधल्या उन्हाला कुणी ऊन म्हणत नाही. ऊन म्हणजे मे. रस्त्यावरचा जो तो डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून चाललाय. त्यामुळे कुणाच्या डोक्यावर काय आहे आणि काय नाही, ते या दिवसांत कळत नाही. ते कळतं या खुर्चीत, रुमाल सुटल्यावर.

खुर्चीतला तरुण ३२ वर्षांचा. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून आम्ही सांगणार नाही. सलूनवाले काका त्याला शाळेत असल्यापासून ओळखतात. कानावरचे केस ते झरझर कापतात. कपाळावर आले की मात्र कात्री खाली ठेवतात आणि नुसता कंगवा फिरवतात, तोही वरच्यावर.

"इथे चुकून कापलं ना, तर पुन्हा वाढायचं नाही, भाऊ."

(दृश्य : कपाळाच्या वरचा भाग, अगदी जवळून.)

कॅमेरा जवळ नेल्यावर फरक दिसतो. कानावरच्या केसांत दोन-चार पांढरे आहेत, एखादा वाकडा, एखादा बारीक. कपाळावरचे सगळे एकाच काळ्या रंगाचे, एकाच जाडीचे. प्रत्येकाच्या बुडाशी राईहूनही लहान, पिवळसर, घट्ट झालेला ठिपका. मधे मधे नुसतेच तांबूस खड्डे. तिथला धागा गळून गेला आहे.

हो, धागाच. हे केस नाहीत.

(दृश्य : घराची ओसरी. भिंतीवर तरुणाचा कॉलेजातला फोटो, दाट केसांचा.)

सुरुवात पाच वर्षांपूर्वी झाली. आईला आधी दिसलं, उशीवर आणि न्हाणीच्या जाळीवर. "केस जाई ऱ्हायनात," एवढंच ती म्हणाली. घरात लग्नाचं चाललेलं होतं. मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर जायचा, तिकडून "कळवतो" यायचं आणि मग काहीच यायचं नाही.

दोष आधी बोअरच्या पाण्याला दिला. तो इकडे नेहमीच दिला जातो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत, २०२५ च्या जानेवारीत माणसांचे केस अचानक जायला लागले, तेव्हापासून तर हा संशय आणखीच पक्का झालाय. पण तो प्रकार निराळा. पुरुषांचे कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि टाळू विरळ होत जातो, त्याचं कारण पाण्यात किंवा हेल्मेटमध्ये नसतं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या टाळूवरच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी असतात, त्यांची मुळं आक्रसत जातात, आणि दर वेळी येणारा नवा केस आधीच्याहून बारीक येतो. शेवटी नुसती लव उरते. गंमत अशी की डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या केसांना या डीएचटीचं फारसं काही वाटत नाही. म्हणून तर टकलाला झालर राहते.

चाई मात्र वेगळी. ती रुपयाएवढा गोल चट्टा पाडते आणि बऱ्याचदा आपोआप भरून येते. मग श्रेय लिंबू-लसणाला जातं.

(दृश्य : भिंतीवर रंगवलेली जाहिरात. अक्षरं वाचता येतील इतकी जवळून.)

"केस बसवून मिळतील." अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहेत. या तीन शब्दांत किमान तीन निरनिराळे धंदे मावतात. एक, चिकटवायचा पॅच, म्हणजे विगच. दोन, प्रत्यारोपण, म्हणजे स्वतःच्याच डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे लावणं. आणि तीन, कृत्रिम धागे टाळूत रोवणं. आपल्या तरुणाने फोनवर विचारलं होतं, "त्रास होईल का? दिसतील कसे? खर्च किती?" केस कुठून येणार, हे काही त्याने विचारलं नव्हतं. कोण विचारतो?

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तो गेला. सकाळी टाळू बधिर केला आणि संध्याकाळी डोक्यावर केस. निकाल हातोहात. प्रत्यारोपणात वर्ष थांबावं लागतं, इथे आरशात लगेच दिसतं. या पद्धतीचं सगळं आकर्षण त्यातच आहे. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळचा फोटो पाहिला की कुणीही भुलेल.

(दृश्य : पांढऱ्या कागदावर एक काळा धागा. टोकाला बारीक गाठ.)

हा तो धागा. आज वापरतात तो बहुतेक पॉलिअमाइडचा, म्हणजे नायलॉनच्या घराण्यातला. तापीवरच्या मासेमारीच्या जाळ्याचा हा लांबचा भाऊबंद. जाडी केसाएवढी, एका टोकाला गाठ. आकड्यासारख्या बारीक सुईने तो टाळूत खोल नेतात आणि कवटीवर ताणलेल्या चिवट पडद्यात ती गाठ अडकवतात. एक धागा, एक टोचा. असे शेकडो.

आता खऱ्या केसाकडे बघा. केस त्वचेला भोक पाडून बाहेर येत नाही. त्वचाच आत वळून त्याच्यासाठी नळी तयार करते, थेट मुळापर्यंत. म्हणजे बाहेरचं आत जायला तिथे उघडी जखम नसते. धाग्याला असं काही नसतं. तिथे असतं ते छिद्र, आणि छिद्रात परकी वस्तू. बाभळीचा काटा पायात मोडून राहिला की आठवड्यात काय होतं, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. शरीर त्याला बाहेर ढकलू बघतं. आजूबाजूला सूज येते, पू होतो. टाळूवर वरून तेलकट मळ आणि मेलेली त्वचा साचून प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. मघाचा तो पिवळसर ठिपका म्हणजे हेच बूच. ते डॉक्टरकडे जाऊन वरचेवर काढून घ्यावं लागतं. मे महिन्यात, घाम नि धूळ एक झालेली असताना, याचा अर्थ काय होतो ते हा तरुण सांगू शकतो. तो कॅमेऱ्यासमोर सांगत नाही. नुसता डोकं खाजवायला हात वर नेतो आणि अर्ध्यातून खाली घेतो.

हे आज उमगलेलं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात असे धागे रोवण्याची लाट आली होती. पॉलिएस्टर, ॲक्रिलिक, मिळेल ते. लोक संसर्ग आणि व्रण घेऊन डॉक्टरांकडे परतले. काहींचे होते ते केसही कायमचे गेले. १९८३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने टाळूत रोवायच्या कृत्रिम केसांवर बंदी घातली. युरोपात मात्र नव्या धाग्यांना पुढे परवानगी मिळाली, आणि ही पद्धत तिथे आजही चालते. तिच्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, आधी शंभरेक धागे लावून काही आठवडे वाट बघा, टाळूने सोसलं तर पुढे जा. पण दरवर्षी दहातला एखाद-दुसरा धागा गळतो, हे तेही मान्य करतात. आपल्या तरुणाची अशी चाचणी झालीच नव्हती. एका बैठकीत काम उरकलं.

धागा गळताना कधी अख्खा निघतो, कधी आतच तुटतो. मग गाठ टाळूत राहते.

(दृश्य : शेत. रोपांचा वाफा. वडील उकिडवे बसून रोपं उपटताहेत.)

वडिलांना प्रत्यारोपणाची कल्पना समजावून सांगायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत. "म्हणजे लागवडच," ते म्हणाले. अगदी तेच. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवलं की डोक्यामागची मुळं पुढे लावली तरी ती आपला मूळ गुण सोडत नाहीत. कपाळावर जाऊनही ती डीएचटीला दाद देत नाहीत. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळून जातात, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो. मुळं आत जिवंत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस फुटतात, पूर्ण रूप यायला नऊ महिने ते वर्ष. वडील हसले. रोप लावल्यावर माना टाकतं, मग धरतं, हे त्यांना नवं नव्हतं.

पण वाफ्यातच रोप कमी असेल तर? तीच प्रत्यारोपणाची मर्यादा आहे. मागे पुरेसे केस नसले, किंवा भाजून टाळू गेलेला असला, की माणूस पुन्हा धाग्याकडे वळतो. आणि प्रत्यारोपणही कुणीही करून चालत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये स्पष्ट सांगावं लागलं की यूट्यूबवर बघून हे काम शिकता येत नाही, त्यासाठी शस्त्रक्रियेचं किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण हवं. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधं आहेत, ती त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच. सुरुवात लवकर झाली तर आहेत ते केस टिकायला त्यांचा उपयोग होतो. थांबवली की परिणामही ओसरतो.

(दृश्य : पुन्हा सलून. संध्याकाळ. बाकावर धाकटा भाऊ, हातात मोबाइल.)

थोरल्याचे निम्मे धागे गेलेत. उरलेले काढायचे की ठेवायचे, ते आता त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. पुढच्या आठवड्यात धुळ्याला जायचं आहे. लग्न मात्र झालं, दोन वर्षांपूर्वी. बायकोला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिने उशीची खोळ बदलली आणि विषय काढला नाही.

धाकटा २६ चा. त्याचेही कोपरे मागे सरकलेत. त्याला मोबाइलवर जाहिरात आली आहे, तशीच, तेच तीन शब्द. त्याने थोरल्यादेखत नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, केस बसवता ना तुम्ही? मग केस कुठून घेणार? माझ्या मागून, की पाकिटातून?"

पलीकडे क्षणभर शांतता.

"तुम्ही असं करा, सर, एकदा येऊन तर जा."

काकांनी कात्री पुसली आणि धाकट्याला खुर्ची दाखवली.