काटेकोर माणसांचा मेंदू

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं म्हातारं माणूस काही विसरलं की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. पण साठी सगळ्यांनाच येते, बुद्धी काही सगळ्यांची नाठी होत नाही. असं का? वय, रक्तदाब, मधुमेह, शिक्षण ही कारणं आहेतच. पण संशोधकांनी माणसाचा स्वभावही तपासून पाहिला.

शिकागोच्या रश विद्यापीठाने १९९४ पासून कॅथलिक नन, पाद्री आणि धर्मबंधूंची दरवर्षी तपासणी सुरू केली. मृत्यूनंतर मेंदू तपासायलाही या मंडळींनी संमती दिली होती. सुरुवातीलाच त्यांना स्वभावाबद्दलची प्रश्नावली दिली होती. ठरवलेलं काम तडीस नेता का, वस्तू जागच्या जागी ठेवता का, अशा धर्तीची. २००७ मध्ये रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. ९९७ जणांपैकी १७६ जणांना पुढे अल्झायमर, म्हणजे हळूहळू स्मृती पुसत जाणारा मेंदूचा आजार, झाला. काटेकोरपणात वरच्या टोकाला असलेल्यांना तो होण्याची शक्यता खालच्या टोकाच्या लोकांपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी होती!

खरी गंमत पुढेच आहे. मृत्यूनंतर मेंदू तपासले, तर अल्झायमरच्या खुणा काटेकोर माणसांच्या मेंदूतही होत्या, इतरांइतक्याच. म्हणजे आजार मेंदूत शिरला होता, पण वागण्याबोलण्यात उतरला नव्हता. २०२३ मध्ये आठ अभ्यासांतल्या ४४ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही साधारण हेच दिसलं. सतत चिंता करणाऱ्यांना मात्र धोका जास्त.

आता ताटावर बसल्या बसल्या काळजी करू नका, 'मी काळजीखोर आहे, माझं काय होणार' म्हणून! हा शक्यतांचा हिशेब आहे, भविष्य नव्हे. शिवाय काटेकोर माणसं औषधं वेळेवर घेतात, चालायला जातात. त्यातलं श्रेय स्वभावाचं किती आणि सवयींचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जन्मभर हिशेबाला पक्के असलेले आजोबा वीजबिल भरायचं विसरू लागले, मायाळू आजी सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागली, तर त्याला 'म्हातारचळ' म्हणू नका. उतारवयात स्वभाव असा पालटणं ही आजाराची पहिली चाहूल असू शकते. कधी थायरॉईड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्यही कारण असतं, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना बदल कधीपासून दिसतोय ते लिहून न्या. 'आधी त्या कशा होत्या?' हे डॉक्टर विचारणारच, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळत नाही.