तळाशी पडलेल्या चांदण्या

मंडळी, आपल्याकडे तळ्याचं दुखणं म्हटलं की जलपर्णी आठवते. ती निदान तरंगते. पुलावरून जाणाऱ्याला दिसते, वर्तमानपत्रात फोटो येतो, चार माणसं ओरडतात. आज ज्या शेवाळाबद्दल बोलायचंय, ते पाण्याखाली वाढतं. लक्षात येईपर्यंत त्यानं तळावर बस्तान मांडलेलं असतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी 11,842 तळी आहेत. पेन्सव्हिल गावाजवळचं कोरोनिस हे त्यांतलं एक, सुमारे 3,000 एकरांचं. 2015च्या ऑगस्टमध्ये तिथे ‘स्टारी स्टोनवर्ट’ सापडलं. राज्यातली ही पहिली नोंद. शास्त्रीय नाव नायटेलॉप्सिस ऑब्ट्युजा. वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना ‘कारा’ आठवत असेल, त्याच कुळातलं हे. दिसायला झाडासारखं, कांड्या-कांड्यांचं, पण खरी मुळं नाहीत आणि फूलही नाही. गंमत म्हणजे यातली एकेक लांब कांडी ही एकच पेशी असते. कित्येक सेंटिमीटर लांबीची पेशी! सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारी. पेशीच्या पडद्यावरच्या विजेचे प्रयोग करणाऱ्यांना म्हणूनच ही मंडळी फार आवडतात.

तळ्याकाठी राहणाऱ्यांना मात्र ती अजिबात आवडत नाहीत. उथळ पाण्यात त्याचा इतका दाट गुंता होतो की होडीचा पंखा अडकतो, पोहणाऱ्याचे पाय अडकतात. तिथल्या मूळच्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही. माशांच्या अंडी घालण्याच्या जागाही झाकल्या जातात.

हे आलं कुठून? मूळचं युरोप-आशियातलं. उत्तर अमेरिकेत 1970च्या दशकात सेंट लॉरेन्स नदीत ते आढळलं. जहाजं तोल सांभाळायला पोटात पाणी भरून आणतात आणि बंदरात सोडतात, त्या पाण्यातून आलं असावं असं मानतात. तिथून पुढचा प्रवास आपल्यासारख्या हौशी माणसांनी करून दिला.

आणि आता मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. या जातीत नर आणि मादी वेगवेगळे असतात. उत्तर अमेरिकेत आजवर सापडले ते फक्त नर. म्हणजे बीजाणूंचा प्रश्नच नाही. तुटलेला तुकडा रुजतो, आणि चिखलातल्या पारदर्शक धाग्यांवर पांढुरक्या, चांदणीच्या आकाराच्या गाठी धरतात, जेमतेम काही मिलिमीटरच्या. नावातला ‘स्टारी’ त्यांच्यामुळेच. होडीच्या नांगराला चिखल लागतो, चिखलात एखादी चांदणी असते, ट्रेलरवर चढलेली होडी दुपारपर्यंत दुसऱ्या तळ्यात उतरते. बाकी काही लागत नाही.

मग औषध मारा ना, असं कोणीही म्हणेल. मारतात. तांब्याची शेवाळनाशकं वरचा हिरवा भाग जाळतात. चिखलातल्या चांदण्या बऱ्याचशा शाबूत राहतात आणि पुन्हा फुटतात. यंत्रानं उपटलं तर तुकडे होतात, आणि तुकडा म्हणजे नवी लागवड. नुकतीच, छोट्याशा जागेत झालेली लागण पाणबुडे हातानं उपटून आटोक्यात ठेवू शकतात, पण ती वेळेत दिसायला हवी. मोठं तळं एकदा व्यापलं की समूळ नाश विसरायचा, आटोक्यात ठेवण्याचा हिशेब करायचा.

या शेवाळाला खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, त्याचं कारण इंग्लंडमध्ये आहे. नॉरफोकच्या उथळ तळ्यांत हेच शेवाळ दुर्मिळ म्हणून जपलं जातं. जपानमध्येही ते धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. तिकडे पाणी गढूळलं, खतं मिसळली की आधी हे नाहीसं होतं. एकाच जीवासाठी एका देशात राखण आणि दुसऱ्या देशात विषप्रयोग!

मिनेसोटात होडी पाण्याबाहेर काढल्यावर बूच काढून पाणी सोडून देणं कायद्यानं सक्तीचं आहे. झाडपाला काढायचा, होडी स्वच्छ करायची, आणि शक्य तर पाच दिवस वाळू द्यायची. शिवाय 2017पासून मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकारानं दर ऑगस्टमध्ये ‘स्टारी ट्रेक’ होतो. कारण ऑगस्टमध्ये वाढ भरात असते, ओळखायला सोपं जातं. थोडं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक होड्या उतरवायच्या जागी जातात. दोरीला बांधलेलं दंताळं पाण्यात फेकायचं, तळावरून ओढत आणायचं, दात्यांत अडकलेला गुंता सोडवून चांदणी शोधायची. बहुतेक ठिकाणी ती सापडत नाही. तसं लिहून ठेवायचं, दंताळं धुवायचं आणि पुढच्या तळ्याकडे निघायचं.