फोन कानाला नाही, मशीनला लावा

नमस्कार. कानाचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, लावून फोनवर कसं बोलायचं ते आज सांगते. खाली मराठी सबटायटल्स दिलेली आहेत. ज्यांच्यासाठी हा व्हिडिओ केलाय त्यांना ती लागतील, म्हणून अक्षर मोठं ठेवलंय.

माझे वडील, आमचे अप्पा, गुहागरला असतात. वय 76. कानाला मशीन लागलं आणि घरातलं बोलणं त्यांना ऐकू यायला लागलं. पण फोन वाजला की तो आईच्या हातात द्यायचे. "तूच बोल." सांगलीहून आत्याचा फोन आला तरी तेच. दर रविवारी बहीणभावाच्या अर्धा तास गप्पा व्हायच्या, त्या जागी आई निरोप इकडून तिकडे पोचवणार. मला ते बघवायचं नाही. मशीन नवीन, फोन चांगला, मग अडतंय कुठे?

हे त्यांचं तेव्हाचं मशीन. थांबा, कॅमेऱ्याजवळ आणते. हा भाग कानामागे बसतो, ही नळी, आणि हा मोल्ड कानात जातो. आता इथे वरच्या बाजूला बघा. टाचणीनं टोचल्यासारखी दोन बारीक छिद्रं दिसतात? हे माइक. मशीन इथून ऐकतं. मोल्डमधून आवाज कानात सोडला जातो, घेतला जात नाही. आणि अप्पा फोन कुठे धरायचे? जन्मभराच्या सवयीनं, कानाच्या भोकाशी. तिथे तर मोल्डनं कान बंद केलेला!

म्हणून फोनची वरची फट, जिथून आवाज येतो ती, कानाच्या वरच्या कडेशी न्या, या छिद्रांपाशी. दाबू नका. बोटभर अंतर ठेवा, फोन जरा तिरका धरा. दाबलात की मशीन शिट्टी मारतं, कारण मोल्डच्या कडेनं निसटलेला आवाज फोनवर आपटून परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि फिरतच राहतो. आता फोन अगदी हळू मागे-पुढे सरकवा. एका जागी आवाज एकदम मोकळा होतो. अप्पांना ती जागा सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. मी अंगणातून फोन करायचे, ते माजघरात बसून फोन सरकवायचे. पूर्ण कानाच्या आत बसणारं छोटं मशीन असेल तर त्याचा माइक कानाच्या तोंडाशीच असतो. तिथे फोन नेहमीसारखा धरा, फक्त दाबू नका.

तरीसुद्धा फोनवरचा आवाज समोरच्या माणसासारखा येत नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाजाचा 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक, चढा आहे त्याचं माप. स, श, च यांची धार त्याच्या वर असते. वयानं कान जातो तोही आधी वरच्याच आवाजांना. म्हणून 'पाच' आणि 'पास', 'सात' आणि 'साठ' यांत गफलत होते. फोनमध्ये व्होल्टी सुरू असेल, म्हणजे कॉल 4जीवरून जात असेल, आणि दोन्हीकडे ती सोय असेल, तर पट्टा 7000 हर्ट्झपर्यंत जातो. फरक खरंच जाणवतो. व्हॉट्सॲप कॉलही चांगल्या रेंजमध्ये स्पष्ट येतो, आणि व्हिडिओ कॉलवर ओठ दिसतात. फोन करणाऱ्यांना माझी विनंती आहे, चेहऱ्यावर उजेड घ्या, खिडकीकडे पाठ करून बसू नका.

अप्पांच्या आधीच्या बटणांच्या फोनवर मशीनमध्ये घूंऽऽ असा आवाज यायचा. 2जी फोन सिग्नल सलग पाठवत नाही, सेकंदाला सुमारे 217 वेळा तुटक तुटक पाठवतो. ते ठोके मशीन पकडतं. फोन 4जीचा घेतला आणि घूं गेली.

टेलिकॉइलबद्दल ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञांना, जरूर विचारा. ही मशीनमधली तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी. फोनच्या स्पीकरचं चुंबकीय क्षेत्र ती थेट पकडते, आजूबाजूचा गोंगाट नाही. कितीतरी मशीनमध्ये ती असते, पण तिचा प्रोग्राम सुरू केलेला नसतो. मात्र इन्व्हर्टरजवळ किंवा जुन्या ट्यूबलाइटच्या चोकजवळ ती गुरगुरते, तिथून दोन पावलं सरका.

आता ब्लूटूथ. यात लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहिलेत, म्हणून जरा सावकाश सांगते. मशीनवर ब्लूटूथ लिहिलंय म्हणजे ते तुमच्या फोनशी जुळेलच असं नाही. आयफोनची पद्धत वेगळी. अँड्रॉइडची 'आशा' नावाची पद्धत गूगलनं 2018 मध्ये आणली, पण ती प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये नसते. ब्लूटूथचीच नवी एलई ऑडिओ पद्धत फोन आणि मशीन दोन्हीकडे असावी लागते. फोनॅकसारख्या कंपनीची काही मशीन साध्या ब्लूटूथवरही चालतात. तेव्हा मशीन घ्यायला जाताना रोजचा फोन बरोबर न्या, दुकानातच जोडून घ्या आणि तिथूनच घरी एक कॉल लावा. जोडताना साध्या ब्लूटूथच्या यादीत मशीन दिसलं नाही तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन श्रवणयंत्रांचा पर्याय बघा. मशीन बंद करून चालू केल्यावर काही मिनिटंच ते जोडायला तयार असतं.

आणि एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. समोरच्याचा आवाज मशीनमध्ये येतो, पण तुमचा आवाज बऱ्याचदा फोनच्या माइकमधूनच जातो. अप्पा फोन पलंगावर ठेवून झोपाळ्यावर जाऊन बसले, त्यांना आत्याचं सगळं ऐकू येत होतं आणि तिकडे आत्या "हॅलो, हॅलो" करत होती. फोन हातात किंवा सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा.

बँकेचा, दवाखान्याचा फोन असेल, एक आकडा चुकून चालणार नसेल, तेव्हा आम्ही दोन फोन वापरतो. एकावर कॉल स्पीकरवर, दुसऱ्यावर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे ॲप, भाषा मराठी. बोललेलं अक्षरांत उमटतं. नेट लागतं, आणि गावांची नावं चुकतात. चालू कॉल असलेल्या फोनवरच ते चालवायला जाऊ नका, कॉलच्या वेळी त्याला माइक मिळत नाही.

न कळलेलं विचारायचीही रीत असते. "काय? काय?" म्हटलं की समोरचा तेच वाक्य ओरडून सांगतो, आणि ओरडल्यानं शब्द आणखी फाटतो. त्याऐवजी कळलं तेवढं परत म्हणा, "मंगळवारी येतेस, पण कितीला?" आणि तुम्ही फोन करणारे असाल तर आधी विषय सांगा. "अप्पा, नारळांचं विचारतेय." एवढ्यानं पुढची निम्मी वाक्यं त्यांना आपोआप लागतात.

कोकणात पावसाळ्यात दमटपणानं मशीन मंदावतं, आणि आपण फोनला दोष देतो. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेलचं दार उघडं ठेवून.

राहिला सराव. कानाला फोनचा आवाज ओळखायला वेळ लागतो, आणि जे आधीच पाठ आहे ते ऐकणं त्याला सगळ्यात सोपं जातं. ही कल्पना आत्याची. ती रोज सकाळी सांगलीहून फोन करते आणि पाढे म्हणते, मध्येच एखादा मुद्दाम चुकीचा. अप्पांनी तो पकडायचा. बेपासून सुरुवात केली होती. काल सतराच्या पाढ्यावर होते.